आधी खुराड्याचं दार, मग पुढची पिल्लं



मुक्तसंचार कोंबडीपालनाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, जात कुठली घेऊ? गिरिराज, वनराज, कडकनाथ, की आपली गावरान?" दुसरा प्रश्न खाद्याचा, तिसरा लसीचा. "माझ्या कोंबड्या नेमक्या कधी, कुठून आणि कोण नेतं?" असं मात्र क्वचितच कुणी विचारतं. आणि छोटा धंदा बसतो तो बहुतेक वेळा इथेच.

म्हणून आज माझं मत सरळ सांगतो. ज्याच्याकडे 40 कोंबड्या आहेत आणि रात्रीचं पक्कं खुराडं नाही, त्याने 41वी कोंबडी घेऊ नये. आणि ज्याच्या कळपात गरजेपेक्षा जास्त कोंबडे फिरतायत, त्याने आधी ते विकावेत. कोंबड्यांच्या पाठीला लावायचं मलम त्यानंतर.

माझं दुकान पशुखाद्य आणि शेतीसाहित्याचं आहे, मी जाळीसुद्धा विकतो. त्यामुळे "हा असंच बोलणार" असं तुम्हाला वाटू शकतं, आणि वाटायलाच पाहिजे. म्हणून खाली हिशेब मांडलाय. तुमच्या गावचे भाव टाकून तो स्वतः करून बघा. जाळी कुठूनही घ्या, माझं काही म्हणणं नाही.

गेलेली कोंबडी वहीत येत नाही

बीबीएला आम्हाला 'इन्व्हेंटरी श्रिंकेज' नावाचा एक धडा होता. साध्या भाषेत म्हणजे तूट. दुकानात माल येतो, विकला जातो, आणि मधल्या मधे थोडा गायब होतो. उंदीर पोतं फोडतो, पाऊस लागतो, एखादी वस्तू नजर चुकवून जाते. चांगला दुकानदार महिन्याला माल मोजतो आणि तूट वेगळी लिहितो, कारण तुटलेल्या मालावर त्याचं खरेदीचं भांडवल आधीच गेलेलं असतं.

कोंबडीवाल्याच्या वहीत खाद्याचं बिल असतं, पिल्लांचं बिल असतं, अंड्यांची विक्री असते. तूट नसते. मुंगूस घेऊन गेलं, तर "नशीब" म्हणून विषय संपतो. कुत्र्याने फाडली, तर दोन दिवस कुत्र्याच्या मालकाशी भांडण, मग तेही संपतं.

आता हिशेब करू. समजा 40 कोंबड्या आहेत आणि दर 10 दिवसांनी एक जाते. ऐकायला काही वाटत नाही, महिन्याला तीनच की! पण वर्षाला 36 होतात. म्हणजे जवळपास अख्खा कळप. अंड्यावर आलेली तलंग समजा 500 रुपयांची धरली, तर 18,000 रुपये झाले. त्या कोंबड्यांनी पुढे दिली असती ती अंडी वेगळीच. गावरान कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते, आणि गावरान अंड्याला तुमच्याकडे काय भाव मिळतो तो तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या बाजूला 10 बाय 10 फुटांचं खुराडं घ्या. 50 कोंबड्यांना रात्रीपुरती ही जागा बास होते, प्रत्येकीला 2 चौरस फूट. भिंतीचा घेर 40 फूट, उंची 6 फूट, म्हणजे चारी बाजूंनी मिळून 240 चौरस फूट जाळी. समजा जाळी, वासे, पत्रा, मजुरी धरून 15,000 रुपये लागले. पहिल्याच वर्षाच्या तुटीत ते निघतात, आणि खुराडं पुढे कित्येक वर्षं उभं राहतं.

मग लोक खुराड्याऐवजी पुढची पिल्लं का घेतात? कारण पिल्लं दिसतात, चिवचिवतात, धंदा वाढल्यासारखा वाटतो. दाराची कडी बदलली तर शेजारी बघायला येत नाहीत.

कोंबड्यांचा प्रश्न विक्रीत अडकलाय

आता जखमांकडे येऊ. कोंबडीच्या पाठीवरची पिसं गेलीत, मानेमागे टक्कल पडलंय, पंखाखाली फाटलंय, ती कोपऱ्यात दडून बसते आणि दाणे टाकले तरी पुढे येत नाही. हे बहुतेक वेळा कोंबड्याचं काम असतं. तो मानेमागची पिसं चोचीत धरतो, पाठीवर चढतो, आणि पायामागच्या काट्यासारख्या नखाने बाजूची कातडी फाडतो. एका कोंबड्यामागे 8 ते 10 माद्या असतील, तर भार वाटला जातो आणि फारसं बिघडत नाही. राज्य सरकारच्या कुक्कुट योजनेत जो तलंगांचा गट दिला जातो, त्यात 25 तलंगा आणि 3 नर असतात. प्रमाण बघा, साधारण आठाला एक.

मग आपल्या परसात हे प्रमाण बिघडतं कुठे? पिल्लं आणतो तिथेच. एक दिवसाची 100 पिल्लं नर-मादी न निवडता घेतली, तर अंदाजे निम्मे नर निघणार. समजा मर धरून 90 जगली, 45 माद्या, 45 नर. या माद्यांना कोंबडे हवेत जास्तीत जास्त 5. उरलेले 40 कोंबडे चार-साडेचार महिन्यांनी एकदम वयात येतात. एका मादीमागे तीन-तीन तरणे कोंबडे पळतात, आपसात भांडतात, आणि ती बिचारी दिवसभर जीव वाचवत फिरते. ताणातली कोंबडी चरत नाही, अंडं द्यायची थांबते. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्याही तिलाच टोचायला लागतात.

हे 40 कोंबडे विकले का जात नाहीत? कारण मालक भावाची वाट बघतोय. इथे कॅलेंडर उघडा. गावरान कोंबड्याला मोठी मागणी असते गटारीच्या आधी, म्हणजे आषाढ अमावास्येपर्यंत. मग श्रावण लागला की बरीच घरं बंद, गणपती आले की बंद, पुढे नवरात्रात बंद. आता ज्याने पिल्लं मेमध्ये आणली, त्याचे कोंबडे सप्टेंबरात बांग द्यायला लागतात. म्हणजे बाजार थंड आणि कोंबडे गरम! ते दसऱ्यापर्यंत सांभाळायचे, तोपर्यंत माद्यांच्या पाठी सोलून निघतात.

याच्यावर वरखाद्याचा खर्च वेगळा. 40 कोंबडे, 60 दिवस, रोज 50 ग्रॅम धरलं तरी 120 किलो खाद्य. किलोला 30 रुपये धरले तर 3,600 रुपये, तेही माद्या खराब करून घेण्यासाठी.

म्हणून माझं म्हणणं असं आहे:

पिल्लं आणण्याची तारीख विक्रीच्या तारखेवरून मागे मोजून ठरवा. जुलै अखेरीस कोंबडे विकायचे असतील, तर पिल्लं मार्चच्या सुरुवातीला हवीत. ढाबेवाले, खानावळवाले, गावातली नेहमीची गिऱ्हाइकं यांच्याकडून महिनाभर आधी ऑर्डर लिहून घ्या.

तुरा लाल होऊन नर ओळखू यायला लागले की ते माद्यांपासून वेगळे करा. वेगळं आवार नसेल, तर निदान रात्रीचं खुराडं आणि सकाळची सोडायची वेळ वेगळी ठेवा.

फक्त खायची अंडी विकायची असतील, तर कोंबडा लागतच नाही. कोंबड्याशिवाय कोंबडी अंडं देत नाही, हा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. कोंबडा लागतो तो पिल्लं काढायला. उलट उन्हाळ्यात बिनफळाचं अंडं जास्त टिकतं, कारण फळलेल्या अंड्यात उष्म्याने आत वाढ सुरू होते.

उबवायची अंडी हवी असतील तरी कोंबडा बारा महिने मोकळा फिरायला नको. अंडी गोळा करायच्या आठवडाभर आधी माद्यांत सोडा. एकदा मिलन झालं की पुढचा आठवडाभर तरी चांगली फळलेली अंडी मिळतात. काम झालं की परत वेगळा.

पायामागचं नख फार वाढलं असेल, तर फक्त टोक कानशीने बोथट करा. आत रक्ताची शीर असते, मुळापासून कापायला जाऊ नका. जमत नसेल तर जनावरांच्या दवाखान्यात न्या.

आणि जी कोंबडी जखमी झालीच आहे, तिला त्याच संध्याकाळी वेगळी करा. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा, माशा बसणार नाहीत अशा जागी डालग्याखाली ठेवा. पावसाळ्यात उघड्या जखमेत दोन दिवसांत अळ्या पडतात. अळ्या दिसल्या तर घरचे उपाय थांबवा आणि पशुवैद्यकाला दाखवा. पाठीची पिसं गेलेल्या कोंबडीला जुन्या जीन्सच्या कापडाचं छोटं खोगीर शिवून बांधतात, पंखांखालून इलास्टिक घेऊन. घरच्या शिलाई मशिनवर होतं. पण हा तात्पुरता उपाय आहे. खोगीर घालून तिला परत त्याच 40 कोंबड्यांत सोडलं, तर काय उपयोग?

आता बाहेरचे गिऱ्हाईक

कोंबडी नेणारे सगळे एकसारखे नसतात. प्रत्येकाची वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला. तो न ओळखता केलेला खर्च वाया जातो.

मुंगूस दिवसा येतं. कुंपणाच्या कडेने, दगडाच्या ढिगातून, लाकडाच्या राशीमागून. दोन बोटांची फट त्याला पुरते. घार, शिक्रा आणि कावळा यांचं लक्ष पिल्लांवर. रानमांजर आणि उदमांजर रात्रीचे. उदमांजर चढण्यात पटाईत, झाडावरून पत्र्यावर येतं आणि पत्रा-भिंतीच्या फटीतून आत उतरतं. कोल्हा आणि मोकाट कुत्री पहाटे किंवा तिन्हीसांजेला. साप अंडी आणि पिल्लांसाठी येतो. घूस आणि उंदीर खालून पोखरतात आणि लहान पिल्लं ओढून नेतात. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या ऊस पट्ट्यात बिबट्याचाही विचार करावा लागतो.

कोण आलं होतं, याचा अंदाज खुणांवरून लागतो. चार-पाच कोंबड्या मारून तिथेच टाकल्यात, पिसांचा सडा पडलाय, तर संशय कुत्र्यावर. मानेला चावे आहेत आणि खुराड्याला बारीक फट आहे, तर मुंगूस किंवा उदमांजर बघा. अंडी टरफलासकट नाहीशी झाली, तर साप असू शकतो. फुटकी टरफलं पडलीत, तर मुंगूस किंवा कावळा. पक्कं सांगता येत नाही, पण दार कुठे नीट करायचं ते कळतं.

आता जाळीबद्दल. बाजारात जी स्वस्त षटकोनी 'कोंबडी जाळी' मिळते, ती कोंबडीला आत ठेवायला चांगली. कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही. जोर लावला की ती फाटते, आणि तिच्या भोकातून उंदीर, छोटा साप सहज आत येतो. रात्रीच्या खुराड्याला निदान खालचे 3 फूट अर्धा इंची वेल्डेड जाळी लावा. बजेट कमी असेल तर खुराडं लहान करा, जाळी हलकी करू नका.

तळाला कोबा करता आला तर उत्तम. नाही जमला, तर जाळी भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट जमिनीवर अंथरा आणि वर माती-दगड टाका. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं, तिथे जाळी लागली की सोडून देतं.

दाराला वर एक, खाली एक अशा दोन कड्या. नुसती सुतळी बांधलेलं दार म्हणजे दार नाही. पत्रा आणि भिंतीमधली फट जाळीनेच बंद करा. गोणपाट कोंबू नका, हवा खेळली पाहिजे. आत जमिनीपासून 2-3 फुटांवर बसायला बांबू लावा, कोंबडीमागे 8-10 इंच जागा धरा. नायलॉनची जुनी मासेमारीची जाळी वरून घार-कावळ्यासाठी चांगली, कोकणात ती स्वस्तात मिळते. पण तीच जाळी जमिनीलगत लावली तर साप तिच्यात अडकतो आणि मग तो सोडवायला सर्पमित्र शोधत बसावं लागतं.

दिवसासाठी जास्त खर्च लागत नाही. पिल्लं सहा-आठ आठवड्यांची होईपर्यंत मोकळी सोडू नका. चरण्याच्या जागेत शेवगा, हादगा, तूर असा आडोसा ठेवा, किंवा चार बांबूंवर पाचटाचं छप्पर करा. घार दिसली की कोंबडी पळून जायला जागा हवी. खुराड्याभोवतीचं दहा-पंधरा फूट गवत मात्र कापलेलं ठेवा, लाकडाची रास आणि दगडांचे ढीग दूर हलवा. जुन्या साड्यांचं कुंपण कुत्र्याला थोडं बिचकवतं, कोंबड्यांना आवारात ठेवतं, पण मुंगूस त्याला जुमानत नाही. चमकणाऱ्या पट्ट्या आणि जुन्या सीडी चार दिवस चालतात, मग पक्ष्यांना सवय होते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. विष घालू नका. अंड्यात कीटकनाशक भरून ठेवणारे लोक आहेत. मुंगूस, घोरपड, नाग, शिक्रा हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली येतात, त्यांना मारणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ते अंडं तुमचा कुत्रा खाईल, तुमचीच कोंबडी टोचेल, किंवा एखादं लहान मूल उचलेल. आणि एक मुंगूस मेलं तरी फट तशीच राहते. उद्या दुसरं येईल.

"मग ती गावरान कसली?"

यावर दोन आक्षेप नेहमी येतात.

पहिला: "कोंडून ठेवलं तर मुक्तसंचार कसला?" अहो, दिवसभर चरू द्या ना! अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, ती रात्री चरत नाही, एका जागी गप्प बसते. त्या वेळी दार लावल्याने तिचं काही जात नाही. उलट सकाळी आठ-नऊपर्यंत आत ठेवलं, तर बरीचशी अंडी खुराड्यातच मिळतात, झुडपात शोधत फिरावं लागत नाही.

दुसरा: "कोंबडा कळपाची राखण करतो." हे खरं आहे. वरून घार आली तर तो एक आवाज काढतो, जमिनीवरून कुत्रं आलं तर वेगळा, आणि माद्या त्याप्रमाणे दडतात किंवा सावध उभ्या राहतात. कोंबडा माझा शत्रू नाही. पण राखणीला एक-दोन पुरतात, त्याच्यासाठी चाळीस लागत नाहीत. आणि रात्री खुराड्यात उदमांजर शिरलं, तर सगळ्यात शूर कोंबडाही बांबूवर बसल्या जागी जातो.

माझा खरा राग तिसऱ्याच गोष्टीवर आहे. "बिनखर्चाचा धंदा, सोडा आणि विसरा" असं सांगून मुक्तसंचार विकणारे आमच्याच क्षेत्रातले प्रशिक्षक. बहुतेक घरांत कोंबड्या कोण बघतं? घरातली बाई. अंड्यांचे पैसे तिच्या हातात येतात, त्यातून बचत गटाचा हप्ता जातो, पोराची वह्या-पुस्तकं येतात. घरातला हाच एक पैसा असा असतो, जो खर्च करायला तिला कुणाला विचारावं लागत नाही. पिल्लांसाठी कर्ज तिच्या नावावर निघतं. खुराड्यासाठी पैसे मागितले की मात्र "कोंबड्यांना कशाला बंगला?" असं ऐकावं लागतं. मग एका रात्रीत दहा कोंबड्या गेल्या की हप्ता तिलाच भरायचा असतो. बिनखर्चाचा धंदा म्हणणाऱ्याने तो खर्च तिच्यावर ढकललेला असतो, एवढंच.

म्हणून गटातून कोंबड्यांसाठी कर्ज घेणार असाल, तर माझं ऐका: रकमेचा पहिला हिस्सा खुराड्याला, दुसरा पिल्लांना. पैसे कमी पडले तर पिल्लं कमी करा. 100 च्या जागी 40 आणा. पक्क्या खुराड्यातल्या 40 कोंबड्या उघड्यावरच्या 100 पेक्षा वर्षाअखेरीस जास्त उरतात.

आज संध्याकाळी एवढं करा

दिवेलागणीला कोंबड्या आत जाताना मोजा. माद्या किती, नर किती, वेगवेगळं लिहा. एक कमी असेल तर कुठेतरी झुडपात खुडूक बसली नाही ना, ते लगेच बघा. रात्रभर बाहेर राहिली तर सकाळी ती असेलच असं नाही.

मग अंधार पडल्यावर आत बॅटरी लावून ठेवा आणि बाहेरून खुराड्याभोवती एक फेरी मारा. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते, तिथे फट आहे. दोन बोटं आत जात असतील, तर मुंगूसही जातं.

शेवटी वहीत एक नवीन रकाना आखा: तारीख, काय गेलं, किती वाजता, कशाने, किंमत किती. तीन महिन्यांनी त्या रकान्याची बेरीज करा आणि ती घरात सगळ्यांना वाचून दाखवा. खुराड्याला पैसे मागायचे असतील, तर त्या बेरजेपेक्षा चांगली वकिली कुणी करणार नाही.